क्षमा केली, मग खटला कशाला?

आपल्या कामाला हातभार लावणारे वाचक ग्रॅहम स्टेन्स यांच्याविषयी अधूनमधून विचारतात. घटना बहुतेकांना ठाऊक असते, आणि त्यांच्या पत्नीने मारेकऱ्यांना क्षमा केली हेही ठाऊक असते. प्रश्न त्यापुढचा असतो. क्षमा केली, तर खटला कसा चालला? आणि खटला चालणारच होता, तर क्षमेला अर्थ काय उरला? आदिवासी भागात काम करणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, म्हणून या अंकात त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

स्टेन्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९६५ साली ते ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा येथे आले आणि तिथलेच झाले. ओडिया, संथाली आणि हो या भाषा त्यांना येत. तिथल्या कुष्ठधामाची जबाबदारी त्यांच्यावर होती. जानेवारी १९९९ मध्ये ते शेजारच्या केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावी ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक शिबिराला गेले. सुट्टीवर आलेले दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमथी, बरोबर होते. २२ तारखेला रात्री तिघे गाडीतच झोपले. मध्यरात्रीनंतर जमावाने गाडीला आग लावली. धावून आलेल्या गावकऱ्यांना जवळ येऊ दिले नाही. तिघेही जळून मरण पावले. पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्तेर त्या वेळी बारीपद्याला होत्या.

ग्लॅडिसबाईंनी थोड्याच दिवसांत आपण क्षमा केल्याचे सांगितले. पुढे वाधवा आयोगापुढे दिलेल्या प्रतिज्ञापत्रातही, या लोकांना शिक्षा व्हावी असे आपल्या मनात नाही, त्यांनी पश्चात्ताप करावा व सुधारावे अशी आशा आहे, असे त्यांनी नोंदवले. मात्र खटला मागे घ्या असे त्यांनी म्हटले नाही. क्षमा ही एक गोष्ट आणि गुन्ह्याचे परिणाम ही दुसरी, त्यांची सरमिसळ करू नये, अशी त्यांची भूमिका होती.

यात विसंगती वाटत असेल तर पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र उघडून पाहावे. बाराव्या अध्यायात तो सूड देवावर सोपवायला सांगतो. लगेच पुढच्या, तेराव्या अध्यायात वाईट करणाऱ्याला शिक्षा करण्याचे काम देवाने राज्यसत्तेकडे दिले आहे असे म्हणतो. आपण उपासनेत बहुधा हे दोन अध्याय दोन वेगवेगळ्या रविवारी वाचतो, त्यामुळे त्यांचा सांधा लक्षात येत नाही. विधवेने आपल्या मनातला हिशेब मिटवला. तिघांच्या खुनाचा सरकारदरबारचा हिशेब मिटवण्याचा अधिकार तिचा नव्हताच. शिवाय मनोहरपूरची माणसे तिथेच राहणार होती. गुन्हा दफ्तरी दाखल करून विसरला गेला असता, तर उद्या त्यांच्या दाराशी कोण उभे राहिले असते?

न्यायाची वाट लांब निघाली. २००३ मध्ये खालच्या न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंग याला फाशी व इतर बारा जणांना जन्मठेप दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली आणि अकरा जणांना सोडले. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जन्मठेप झालेला दुसरा कैदी, महेंद्र हेंब्रम, २०२५ मध्ये चांगल्या वर्तणुकीमुळे सुटला.

मला या सगळ्यात अधिक मोलाची वाटते ती वृत्तपत्रांत फारशी न आलेली गोष्ट. ग्लॅडिसबाई राहिल्या. पेशाने त्या परिचारिका. कुष्ठधाम बंद पडले असते तर काय झाले असते, हे मिरज किंवा कोठारा येथील मिशनची कुष्ठरोग रुग्णालये पाहिलेल्यांना सांगायला नको. गोळ्यांनी कुष्ठरोग बरा होतो. सौम्य प्रकारात सहा महिने, नाहीतर वर्षभर. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. पाय बधिर राहतो. काटा रुतला, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचे, मलमपट्टी करायची, मऊ तळव्याची चप्पल घालायची. हे काम जन्मभराचे. ज्या माणसाला घरच्यांनी गावाबाहेर काढले, त्याचे पाय रोज कुणी तरी हातात घ्यावे लागतात.

ते काम थांबले नाही. पुढची पाच वर्षे ग्लॅडिसबाईंनी ते पाहिले, २००४ मध्ये बारीपद्यात स्टेन्स यांच्या नावाने रुग्णालय उभे राहिले, आणि त्यानंतर त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपल्या प्रवचनांत ही क्षमा दोन वाक्यांत उरकते, याचे मला वाईट वाटते. त्यातली ती पाच वर्षे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. ग्लॅडिसबाईंची क्षमा त्यांची स्वतःची होती. मंडळीने किंवा पाळकाने ती त्यांच्या वतीने जाहीर केली नव्हती. आपल्या पाड्यांवर कुणावर हल्ला झाला, कुणाचे घर जाळले, तर ग्लॅडिसबाईंचे उदाहरण देऊन त्या कुटुंबाला लगेच क्षमा करायला सांगू नका. आधी जखमींना दवाखान्यात न्या. पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर जा, फिर्याद नोंदवून घ्या आणि तिची प्रत मागा. ती फुकट मिळते. साक्षीदार घाबरलेले असतील तर त्यांच्या घरी रात्री मुक्कामाला राहा. प्रार्थना करायची ती तिथे, त्यांच्याजवळ बसून करा. क्षमेविषयी ते स्वतः बोलू लागतील तेव्हा ऐका. काही जण वर्षानुवर्षे बोलणार नाहीत, आणि तरीही तुम्ही त्यांच्याकडे जात राहायचे आहे.