महासंगणक केंद्रे, शैक्षणिक

विज्ञान व अभियांत्रिकी संशोधनासाठी विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्या सामाईक उपयोगाकरिता उभारलेली, अतिवेगवान संगणकांनी सुसज्ज केंद्रे. महासंगणकाची क्षमता तो एका सेकंदात किती गणनक्रिया करतो, यावरून ठरवितात. सेकंदाला एक लाख कोटी गणनक्रियांच्या वेगास ‘टेराफ्लॉप’, तर त्याच्या हजारपटीस ‘पेटाफ्लॉप’ म्हणतात. हा वेग एकाच प्रक्रियकाचा नसतो. मोठ्या गणिताचे लहान लहान भाग करून ते हजारो प्रक्रियकांकडून एकाच वेळी सोडविले जातात. या पद्धतीस समांतर प्रक्रियण म्हणतात. एवढी सामग्री एखाद्या प्राध्यापकास वा विभागास परवडणारी नसल्यामुळे सामाईक केंद्राची कल्पना पुढे आली.

इतिहास : १९७० नंतरच्या दशकात महासंगणक प्रामुख्याने संरक्षण प्रयोगशाळा व हवामान संस्था यांच्याकडे होते. अमेरिकेतील विद्यापीठीय संशोधकांना ते सहजी उपलब्ध नव्हते. इलिनॉय विद्यापीठातील खगोलभौतिकीविज्ञ लॅरी स्मार यांना स्वदेशातच बनलेला क्रे संगणक वापरण्यासाठी जर्मनीत म्यूनिकला जावे लागे. १९८२ मध्ये गणितज्ञ पीटर लॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही उणीव निदर्शनास आणली. पुढे १९८५-८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने इलिनॉय, सॅन डिएगो, कॉर्नेल, प्रिन्स्टन व पिट्सबर्ग येथील पाच केंद्रांना साहाय्य दिले. या केंद्रांना जोडण्यासाठी १९८६ मध्ये निघालेले संगणक-जाळे पुढे इंटरनेटच्या विस्तारास कारणीभूत झाले.

भारत : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये पूर्ण केला. मात्र महासंगणकासाठी देशास परकीयांवर अवलंबून राहावे लागले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने हवामान अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी संगणक दिला. तथापि अधिक क्षमतेचे यंत्र देण्याचे नाकारले. यातूनच १९८८ मध्ये पुण्यास ‘सी-डॅक’ या नावाने परिचित असलेले प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एक प्रचंड प्रक्रियक बनविण्याऐवजी ‘ट्रान्स्प्यूटर’ हे बाजारात मिळणारे प्रक्रियक जोडून समांतर यंत्र उभारणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. २००३ मधील ‘परम पद्म’ची क्षमता एक टेराफ्लॉप होती.

२०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानामुळे अशी यंत्रे शिक्षणसंस्थांत पोहोचली. २०१९ मध्ये वाराणसीच्या तंत्रज्ञान संस्थेत ‘परम शिवाय’ व पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’ हे महासंगणक बसविण्यात आले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचे विश्लेषण करण्यासाठी २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ कार्यान्वित झाला.

उपयोग : रेणूंची रचना, ताऱ्यांची उत्क्रांती, द्रव्यांचे गुणधर्म इत्यादींच्या अभ्यासात ही केंद्रे उपयोगी पडतात, परंतु त्यांचा सामान्य जनतेशी सर्वांत निकटचा संबंध हवामानाच्या द्वारे येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्यूष’, तर २०२४ मध्ये ११·७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला.

एवढ्या क्षमतेची गरज का भासते, हे पुणे जिल्ह्याच्याच उदाहरणावरून स्पष्ट होते. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीवर मुसळधार पाऊस पडतो, तर पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथील ऊस व फळबागा बव्हंशी नीरेच्या कालव्यांवर, उजनी जलाशयावर व विहिरींवर अवलंबून आहेत. म्हणून तेथील शेतकऱ्यास दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : घाटमाथ्यावर किती पाऊस होऊन धरणे भरतील, आणि आपल्या शिवारात सर केव्हा येईल. संगणकीय प्रतिमानात वातावरणाचे चौकोनी जालक कल्पून प्रत्येक चौकोनासाठी गणित केले जाते. चौकोनाची बाजू १२ किमी. असल्यास त्याचे क्षेत्रफळ १४४ चौ. किमी. होते, त्याच्या आतील एका गावी पाऊस व शेजारी कोरडे, हा भेद त्यात दिसू शकत नाही. बाजू ६ किमी. केल्यास क्षेत्रफळ ३६ चौ. किमी. होते, परंतु चौकोन चौपट होतात आणि कालांतरही निम्मे घ्यावे लागल्याने गणनक्रिया सु. आठपट होतात. ६ किमी. जालकाची ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ मे २०२५ मध्ये सुरू झाली, ती ‘अर्क’सारख्या यंत्रामुळेच.

मर्यादा : जालक बारीक केल्याने अंदाज आपोआप अचूक होत नाही. प्रारंभीची स्थिती कळण्यासाठी जमिनीवरील पर्जन्यमापके, रडार व उपग्रह यांची निरीक्षणे लागतात. ती विरळ असतील, तर वेगवान गणित चुकीचेच उत्तर लवकर देते. शिवाय या यंत्रांस वीज व शीतनव्यवस्था मोठ्या प्रमाणावर लागते, आणि काही वर्षांतच ती मागे पडतात. टिकून राहते ते समांतर आज्ञावली लिहिणारे व वैज्ञानिक प्रश्न गणितात मांडणारे मनुष्यबळ. ते घडविणे हेच शैक्षणिक महासंगणक केंद्राचे प्रमुख कार्य असून, देशाचे परावलंबित्व कितपत संपले याचा खरा कसही तेथेच लागतो.