सॉकेटचे पाय टेकतात कुठे?

मोबाइलच्या चार्जिंग सॉकेटमध्ये आपण रोज केबल खुपसतो, उपसतो, कधी अंधारात चाचपडत तिरकीच ढकलतो. यूएसबी टाइप-सी सॉकेटने हे १०,००० वेळा सहन करावं, अशी अपेक्षा असते. सर्किट बोर्डावरच्या रेझिस्टरला किंवा चिपला एकदा सोल्डर केलं की सहसा कोणी हात लावत नाही. कनेक्टर मात्र आयुष्यभर माणसाच्या हातचे हिसके खातो. म्हणूनच त्याचा फुटप्रिंट, म्हणजे त्याच्यासाठी बोर्डावर आखलेले तांब्याचे पॅड, भोकं आणि खाचा, आखताना विजेइतकाच ताकदीचाही विचार करावा लागतो. तो राहिला तर सॉकेट उपटून येतं आणि सोबत पॅडही सोलून आणतं.

टाइप-सीचंच सॉकेट उलटं करून पाहा. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या या रचनेत २४ संपर्क असतात, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर. स्वस्त उपकरणांत १६ संपर्कांचं सॉकेट पुष्कळदा दिसतं. त्याचे बारीक पॅड ०.३ मिलिमीटर रुंद धरले, तर दोन पॅडमध्ये उरतात जेमतेम ०.२ मिलिमीटर. याशिवाय धातूच्या कवचाला चार चपटे पाय असतात आणि तळाला प्लास्टिकच्या दोन खुंट्या. पॅड वीज वाहतात. खुंट्या आपापल्या भोकात बसून सोल्डर होण्याआधी सॉकेट सरळ धरतात. केबलचा ओढा सोसतात ते कवचाचे पाय, कारण ते बोर्डाच्या आरपार जातात. वरवरचे पॅड बोर्डाला राळेने नुसते चिकटलेले असतात, त्यांच्यावर जोराचा भरवसा ठेवता येत नाही.

अडचण अशी की पाय चपटा आणि ड्रिलचं भोक गोल. अडॅप्टरची पिन जिच्यात जाते त्या डीसी जॅकचे पाय तर सरळ पट्टीसारखे असतात. तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्टीसाठी गोल भोक घेतलं तर ते तीनहून मोठंच लागणार आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना मोठी पोकळी राहणार. वितळलेलं सोल्डर अरुंद फटीत वर चढतं, दिव्याची वात तेल ओढते तसं. रुंद पोकळीत ते चढत नाही. म्हणून लांबट खाच हवी, आणि तिच्या आतल्या भिंतींवर तांब्याचा मुलामाही हवा.

हीच खाच कारखान्यापर्यंत पोचताना हरवते. तांब्याचं चित्र गर्बर फाइलमधून जातं, भोकांची यादी बहुधा एक्सेलॉन फाइलमधून. त्या यादीत खाच ‘खाच’ म्हणूनच नोंदवलेली असावी लागते. तसं न करता बाह्यरेषेच्या थरावर नुसता एक लंबगोल काढून ठेवला, तर कारखाना ती खाच मुलाम्याविना कापू शकतो, किंवा सोडूनही देऊ शकतो. मुलामा नसेल तर पायाला सोल्डर धरतं ते फक्त पृष्ठभागावर.

मुलामाही जागा खातो. भिंतीवर साधारण २५ मायक्रोमीटर तांबं चढतं, म्हणजे भोकाचा व्यास ०.०५ मिलिमीटरने घटतो. त्यामुळे ड्रिलचं माप न देता मुलाम्यानंतर उरणारं माप द्यायचं असतं. साध्या हेडरची, म्हणजे पिनांची ओळ असलेल्या कनेक्टरची, चौकोनी पिन ०.६४ मिलिमीटरची. पण भोकात शिरतो तो तिचा कर्ण, सुमारे ०.९१ मिलिमीटर. ०.९ चं भोक तिला घेत नाही, १.० चं घेतं.

मापं तंतोतंत कधीच मिळत नाहीत, हे तर गृहीतच. कनेक्टर ०.१ ने चुकेल, बोर्ड ०.१ ने, बसवणारं यंत्र ०.०५ ने. सरळ बेरीज केली तर ०.२५. पण तिन्ही चुका एकाच वेळी, एकाच दिशेने, टोकाला जाणं दुर्मीळ. म्हणून आयपीसी-७३५१ या मानकाच्या पद्धतीत चुकांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घेतात. ते येतं ०.१५. जिथे दोन पॅडमध्ये मुळात ०.२ उरतात, तिथे हा फरक फार मोठा आहे.

मला सगळ्यात धोकादायक वाटते ती आरशातली चूक. कॅनन कंपनीने १९५२ मध्ये आणलेला इंग्रजी डीच्या आकाराचा कनेक्टर घ्या. त्याच्या पिनांतलं अंतर २.७७ मिलिमीटर. सवयीने २.५४ धरलं तर पाच पिनांच्या ओळीत ०.९२ मिलिमीटरचा फरक पडतो, पिना आत जात नाहीत आणि चूक लगेच कळते. पण डेटाशीटमधलं, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातलं, चित्र प्लग जिथून आत जातो त्या बाजूचं असेल आणि आपण ते बोर्डावरून पाहिलेलं समजलो, तर सगळं छान बसतं आणि क्रमांक उलटे होतात. नऊ पिनांच्या सीरियल पोर्टमध्ये पाचवी पिन ग्राउंडची, ती पहिलीच्या जागी जाते. मधली तिसरी तेवढी जागेवर राहते, त्यामुळे तपासणाऱ्याचाही गोंधळ उडतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा जॅक घेतला तर सोबत डेटाशीट मिळेलच असं नाही. अशा वेळी व्हर्नियर कॅलिपरने मापं घ्यावीत, फुटप्रिंट कागदावर मूळ आकारात छापावा, कागद थर्माकोलवर ठेवावा आणि जॅकचे पाय त्यात टोचून पाहावेत. सोबत प्लगही लावून बघावा. केबलच्या जाड रबरी मुठीला शेजारचा कपॅसिटर आडवा येतो का, हे नुसत्या सॉकेटवरून कळत नाही. ही पाच मिनिटांची तपासणी प्रत्येक विद्यार्थ्याने करायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

बोर्ड लोकांच्या हातात गेल्यावर चूक सुधारणं किती अवघड असतं, ते आर्डुइनो या बोर्डावर दिसतं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरियात हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या आराखड्यात सातव्या आणि आठव्या डिजिटल पिनांमध्ये २.५४ ऐवजी सुमारे ४.०६ मिलिमीटर अंतर पडलं. चूक लक्षात आली तोवर त्यावर बसणारे शिल्ड बोर्ड त्याच मापाने बनू लागले होते. अंतर दुरुस्त केलं असतं तर ते सगळे निकामी झाले असते. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर-४ वरही ते तसंच आहे.