अणुकेंद्रीय बहुकण गणनपद्धती

अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन (या दोहोंना न्यूक्लिऑन म्हणतात) यांच्यामधील बलांपासून प्रारंभ करून अणुकेंद्राची बंधनऊर्जा, आकारमान, ऊर्जा पातळ्या इ. गुणधर्म संगणकाच्या साहाय्याने काढण्याच्या पद्धती. अणूतील इलेक्ट्रॉनांना केंद्राचे आकर्षण असते. अणुकेंद्रात मात्र असे मध्यवर्ती केंद्र नसून प्रत्येक न्यूक्लिऑन इतर सर्वांच्या प्रभावाखाली फिरतो. अनेक कणांसाठी श्रोडिंजर समीकरण नेमकेपणाने सोडविता येत नसल्याने आसन्नीकरण (अचूक उत्तराच्या जवळ जाणारी रीत) अपरिहार्य ठरते.

मारिआ गोपर्ट-मायर व येन्झेन यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या कवच प्रतिकृतीत न्यूक्लिऑन सरासरी क्षेत्रात फिरतात असे मानतात. तीमुळे २, ८, २०, २८, ५०, ८२ व १२६ या ‘जादूई’ संख्यांचा उलगडा झाला. उरलेल्या परस्परक्रिया विचारात घेण्यासाठी कणांच्या सर्व संभाव्य मांडण्यांचा आव्यूह (संख्यांची आयताकार मांडणी) सोडवावा लागतो. कण वाढतात तसा तो इतक्या झपाट्याने वाढतो, की मध्यम वजनाच्या अणुकेंद्रासाठीही त्यात अब्जावधी ओळी येतात.

कोस्टर व क्युमेल यांनी १९५८–६० च्या सुमारास विकसित केलेल्या युग्मित-गट पद्धतीत सर्व मांडण्या न मोजता दोन वा तीन कणांच्या एकत्रित उत्तेजनांपासून मोठ्या गटांची उत्तेजने रचतात. त्यामुळे गणनश्रम आटोक्यात राहतात. ही पद्धती प्रथम रसायनशास्त्रात रुळली व नंतर अणुकेंद्रविज्ञानात पुन्हा रुजली. मोंटी कार्लो पद्धतीत यादृच्छिक (कोणताही क्रम नसलेल्या) नमुन्यांवरून उत्तर काढतात.

गणनेतील त्रुटी आसन्नीकरणाची की गृहीत बलाची, हा मूलभूत प्रश्न होय. ऑक्सिजनाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. केवळ दोन-दोन कणांमधील बले घेतल्यास ऑक्सिजन-२८ स्थिरपणे बांधलेला असावा असे उत्तर येई; प्रत्यक्षात ऑक्सिजन-२४ नंतरचे समस्थानिक न्यूट्रॉन धरून ठेवू शकत नाहीत. तीन न्यूक्लिऑनांमध्ये एकाच वेळी कार्य करणारे बल समाविष्ट केल्यावर ही विसंगती दूर होते, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. ऑक्सिजन-२८ मध्ये ८ प्रोटॉन व २० न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही संख्या जादूई आहेत. तरीही त्याचे ऑक्सिजन-२४ व चार न्यूट्रॉन यांत तत्काळ विघटन होते, असे जपानमधील रिकेन संस्थेत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले.

शिसे-२०८ या जड अणुकेंद्राची अशी गणना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतून मिळणारी न्यूट्रॉनांच्या बाह्य थराची जाडी न्यूट्रॉन ताऱ्यांतील द्रव्याच्या अभ्यासासही उपयुक्त ठरते.