फक्त सभासदांसाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेच्या एका आजीव सभासद बाईंचा फोन आला. "अहो, गुगलवर माझं नाव टाकलं की माझा घरचा पत्ता आणि फोन नंबर दिसतोय. तुमच्याच यादीतला आहे."

यादी म्हणजे आमची सभासदसूची. तिची पीडीएफ संकेतस्थळावर 'फक्त सभासदांसाठी' असलेल्या पानावर ठेवलेली होती. संकेतस्थळाचं काम मी बघतो, म्हणून फोन चालू असतानाच ते पान उघडलं. त्यानं नीट लॉगिन मागितलं. मग ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडली, लॉगिन न करता पीडीएफची थेट लिंक टाकली, आणि अख्खी यादी समोर आली. नावं, पत्ते, फोन नंबर, कोणाकोणाच्या जन्मतारखासुद्धा.

पान बंद होतं, फाइल उघडी होती. असं का होतं, हे सभासदांसाठी संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यायला हवं. वाचनालयं, ज्ञातिसंस्था, गृहनिर्माण संस्था, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, सगळ्यांनी.

आमचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. 2003 साली आलेली ही प्रणाली मोफत आहे आणि छोट्या संस्थांना सोयीची आहे. तिच्यात लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. कोणी पान मागितलं की प्रोग्रॅम त्या क्षणी मजकूर काढून पान तयार करतो. सभासदत्वाचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, याच क्षणी मध्ये पडतं. मागणारा कोण, त्याचा स्तर कोणता, वर्गणीची मुदत संपली का, हे तपासून एक तर मजकूर देतं, नाही तर 'सभासद व्हा' अशी पाटी दाखवतं. पण फोटो आणि पीडीएफ या वाटेनं जातच नाहीत. या फाइली 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरात वर्ष आणि महिन्याप्रमाणे रचून ठेवलेल्या असतात, आणि लिंक मागणाऱ्याला सर्व्हर त्या परस्पर देऊन टाकतो. प्लगइनला कोणी विचारतही नाही. लिंक एकदा कुठे उघड्यावर चिकटवली गेली की गुगल तिथवर पोचणारच.

यावर उपाय आहे. फाइल त्या सार्वजनिक फोल्डरातून काढून आत ठेवायची, आणि लिंक अशी द्यायची की ती आधी प्रोग्रॅमकडे जाईल, तो सभासदत्व तपासेल आणि मगच फाइल हातात देईल. काही प्लगइनांत ही सोय असते, पण ती वेगळी चालू करावी लागते. आम्ही केली नव्हती.

आमच्या कार्यकारिणीत तेव्हा एक मुद्दा निघाला: मोठमोठी वर्तमानपत्रंसुद्धा लेख कुलपात ठेवतात आणि लोक पळवाटा काढतातच, मग आपलं काय एवढं? मुद्दा प्रामाणिक होता. न्यूयॉर्क टाइम्सनं मार्च 2011 मध्ये महिन्याला 20 लेख फुकट आणि पुढे पैसे अशी पद्धत सुरू केली. ब्राउझरमधल्या कुकी पुसल्या की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. समाजमाध्यमांवरच्या लिंकवरून येणाऱ्याला मर्यादा संपल्यावरही लेख वाचू द्यायचे. हे कुंपण जाणूनबुजून ठेंगणं ठेवलेलं होतं, कारण नवा वाचक आत यायला हवा होता. चार लेख फुकट वाचले गेले तर वर्तमानपत्राचं थोडं उत्पन्न जातं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा पत्ता बाहेर गेला तर तो परत येत नाही. पैशासाठी लावलेलं कुलूप आणि माणसाच्या खासगीपणासाठी लावलेलं कुलूप एका मापाचं असून चालत नाही. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यानंही ज्याच्याकडे माहिती, त्याच्यावर ती सांभाळायची जबाबदारी टाकली आहे.

दुसरी चूक आमची स्वतःची, स्तर ठरवण्यातली. आम्ही जिना केला होता: साधारण सभासद, वर आजीव, त्याच्या वर आश्रयदाते, आणि वरच्या पायरीवरच्याला खालचं सगळं दिसणार. आमच्या नियतकालिकाच्या अंकांपुरतं हे ठीक चाललं. पण बैठकांची इतिवृत्तं कोणाला दाखवायची? आमच्या चिटणीसबाई साधारण सभासद आहेत आणि इतिवृत्तं त्याच लिहितात. त्यांना ती दिसावीत म्हणून कोणीतरी त्यांना थेट आश्रयदात्यांत टाकलं! वर्डप्रेसमध्येही सुरुवातीला शून्य ते दहा अशा पायऱ्याच होत्या. डिसेंबर 2005 च्या 2.0 आवृत्तीत त्यांच्या जागी भूमिका आणि प्रत्येक भूमिकेचे अधिकार आले. जूमला या अशाच दुसऱ्या प्रणालीत तर माणसांचे गट वेगळे आणि कोणत्या गटांनी काय पाहायचं ते वेगळं ठरवता येतं. संस्थेचं खरं रूप असंच असतं. वर्गणी किती भरली हा एक प्रश्न आणि काम कोणतं करता हा दुसरा. मी आता दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या केल्या आहेत. एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतात.

आणखी एक जागा सांगतो, कारण ती पटकन लक्षात येत नाही. संकेतस्थळ जलद चालावं म्हणून तयार पानाची प्रत साठवून ठेवतात, तिला कॅश म्हणतात. लॉगिन केलेल्या सभासदासाठी बनलेलं पान चुकून त्यात साठलं, तर पुढच्या परक्या माणसालाही तेच मिळतं. म्हणून लॉगिन केलेल्यांची पानं कॅशमध्ये जाणार नाहीत, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यायचं. तपासण्याची माझी रीत साधी आहे. प्रत्येक स्तराचं एक चाचणी खातं ठेवलंय. काहीही नवं टाकलं की प्रत्येक खात्यातून ते उघडायचं, आणि शेवटी प्रायव्हेट विंडोत लॉगिन न करता पान आणि फाइल दोन्हींची लिंक टाकून पाहायची.

यादी आम्ही फोन आला त्याच दिवशी संकेतस्थळावरून काढली आणि शोधनिकालातून ती हटवण्यासाठी गुगलकडे अर्ज केला. जन्मतारखा कायमच्या गाळल्या. त्या मुळात घ्यायलाच नको होत्या. जुने अंक, ज्यांच्यासाठी एवढं कुलूप लावलं होतं, ते सगळ्यांना खुले केले. दोनच महिन्यांत एका जुन्या अंकातल्या आपल्या आजोबांच्या लेखाबद्दल विचारणारं पत्र एका अनोळखी मुलीकडून आलं. ती आमची सभासद नाही.

त्या आजीव सभासद बाईंना मी स्वतः फोन करून माफी मागितली. नव्या यादीत त्यांनी फक्त नाव ठेवायला सांगितलं. तेवढंच ठेवलं आहे.