फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप सुरू झाला नाही की घरातलं कुणीतरी लगेच निकाल देतं: ‘मदरबोर्ड गेला’, नाहीतर ‘विंडोज उडालं, फॉरमॅट मारा’. गाडी नेमकी कुठे अडली, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

स्क्रीन काळी म्हणजे लॅपटॉप बंद, हा पहिला गैरसमज. पंख्याचा आवाज येतोय का, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय का, ते बघा. लागत असेल तर यंत्र चालू आहे, फक्त चित्र दिसत नाही. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर दिसलं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. दिवाही लागत नसेल तर चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग नुसता चार्जर लावून सुरू करा. तोडगा बुवाबाजीचा वाटतो खरा, पण आत उरलेली वीज काढून टाकायचा हा उपाय लॅपटॉप कंपन्या स्वतःच सांगतात.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी अक्षरं आली म्हणजे डिस्क गेलीच, असंही नाही. कधी कधी विसरून राहिलेला पेनड्राइव्ह काढला की काम होतं.

‘एफ ८ दाब, सेफ मोड येईल’ हा सल्ला विंडोज ७ पर्यंत बरोबर होता. 2012 साली विंडोज ८ आलं आणि ती सोय मुळातच बंद ठेवली गेली. आता लोगो दिसू लागला की पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड, शेवटचा अपडेट काढून टाकणं, सगळं तिथेच असतं.

फॉरमॅटशिवाय पर्याय नाही, हा समज सगळ्यात महागात पडतो. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. अनेक ठिकाणी घोडं अडलं ते बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाच्या, किल्लीपाशी.

ही 48 आकड्यांची किल्ली घरच्यांनाही लागू शकते. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्कला हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं. किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी फाइली उघडत नाहीत. ती सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. लॅपटॉप धड आहे तोवरच ती कागदावर उतरवून ठेवा.

जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र वरचं काहीच करू नका. प्रत्येक प्रयत्नाने उरलासुरला डेटाही धोक्यात येतो. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दुकानात देताना पावतीवर लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’