आट्यांवर उभी इमारत: स्क्रू पाइल

अलेक्झांडर मिचेल हे आयर्लंडचे अंध अभियंते. त्यांनी 1833 साली स्क्रू पाइलचं पेटंट घेतलं आणि पुढे थेम्सच्या मुखाशी, मेपलिन सँड्सच्या सरकत्या वाळूत त्यावर दीपगृह उभं राहिलं. आपल्याकडे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या पुलांनाही हेच खांब वापरले गेले.

पोलादी दांडा, त्याला मळसूत्री पाती. यंत्राने पिळत जमिनीत उतरवायचा. खड्डा नाही, मातीचे ढीग नाहीत.

खरी गंमत जमिनीखाली. भार मुख्यतः पाती पेलतात: इमारत दाबते तेव्हा पात्याखालची माती झुंजते, वारा उचलू पाहतो तेव्हा वरची. दोन पात्यांत व्यासाच्या सुमारे तिप्पट अंतर असलं की प्रत्येक पातं स्वतंत्रपणे काम करतं. फार जवळ आणली तर मधली माती अडकते आणि सगळं मिळून एकच नळकांडं असल्यासारखं वागतं. मग पाती वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

दर फेऱ्याला खांब साधारण एका आट्याएवढा खाली जायला हवा. जागीच फिरत राहिला तर माती घुसळून निघते, तिची ताकद जाते. उतरवताना लागणारा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, मोजून भारक्षमतेचा अंदाज बांधता येतो. मला तर हे फारच आवडतं, बसवतानाच जमिनीची परीक्षा!

फुगणाऱ्या काळ्या मातीत पाती ओल-सुकीच्या थराखाली न्यावी लागतात. लिबलिबीत गाळात बारीक दांडा वाकू शकतो. मोठे गोटे किंवा कातळ लागला तर पाती दुमडतात. तिथे हा नाद सोडलेला बरा.