भाड्याची भिंत

चित्रकलेतल्या जाणत्या मंडळींमध्ये 'जहांगीर'बद्दल नाक मुरडायची जुनी रीत आहे. तिथे काय, पैसे भरा आणि भिंत घ्या. मंगळवारी लावलेलं सोमवारी उतरवा. निवड करणारी दृष्टी नाही, आखलेली भूमिका नाही, चित्रकाराच्या पाठीशी वर्षानुवर्षं उभा राहणारा गॅलरीचालक नाही. एका हॉलमध्ये कसदार अमूर्त चित्रं असतील, तर शेजारच्या हॉलमध्ये बनारसचे घाट आणि डोळे मिटलेले बुद्ध. हे वर्णन काही खोटं नाही. पण त्यावरून काळा घोड्याची ही सत्तर वर्षांहून जुनी संस्था म्हणजे केवळ नावाजलेलं भाड्याचं सभागृह असा जो निकाल दिला जातो, तो मला मान्य नाही. माझ्या मते जहांगीर आर्ट गॅलरीने या शहराला जे काही दिलं, ते भिंत भाड्याने दिली म्हणूनच देता आलं. आणि मुंबईत कलेसाठी देखण्या, निवडक, पैसेवाल्या जागा जसजशा वाढताहेत, तसतशी या फारशी निवड न करणाऱ्या जागेची गरजही वाढते आहे.

तिच्या आधी काय होतं ते पाहावं लागेल. सर जे. जे. कलाशाळा 1857 पासूनची, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची. म्हणजे चित्रकार घडवणारी आणि वर्षातून एकदा त्यांना पदकं देणारी यंत्रणा शहरात केव्हाच होती. नव्हती ती उरलेले अकरा महिने चित्रं लावायला जागा. केकू गांधी यांचा धंदा फ्रेमचा. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानाच्या काचेत त्यांनी हुसेन, आरा, हेब्बर यांची चित्रं मांडायला सुरुवात केली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी 1947 साली प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, त्याचं प्रदर्शन 1949 मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या आर्ट सोसायटीच्या दालनात झालं. पुढे ज्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले, त्यांची त्या वेळची सोय ही एवढीच. हेब्बर आणि होमी भाभा यांनी सर कावसजी जहांगीर यांच्याकडे कायमच्या दालनाचा आग्रह धरला तो या पार्श्वभूमीवर. कावसजींनी इमारतीचा सगळा खर्च उचलला, दिवंगत मुलाचं नाव तिला दिलं, आणि जानेवारी 1952 मध्ये दालन उघडलं. एक चित्रकार, एक अणुशास्त्रज्ञ आणि एक पारशी दाता. सरकार या गोष्टीत कुठे फारसं नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

दुर्गा बाजपेयी यांनी आखलेली इमारतही पाहण्यासारखी आहे. शेजारी जॉर्ज विटेटने बांधलेलं वस्तुसंग्रहालय, बेसॉल्टचं, घुमटाचं, साम्राज्याचा रुबाब सांगणारं. तिथे पाय ठेवताना सामान्य माणूस नकळत सदऱ्याची बटणं तपासतो. जहांगीरला घुमट नाही. काँक्रीटचं एक रुंद छत दर्शनी बाजूला खांबांविना पुढे झेपावलंय, त्याची कड लाटेसारखी दुमडत गेलीय, आणि त्याखाली दोन-तीन पायऱ्या चढलं की माणूस थेट आत. तिकीट नाही, नोंद नाही, कुणाला भेटायचंय असं कुणी विचारत नाही. वस्तुसंग्रहालयात तिकीट आहे, समोरच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनातही आहे. पण पैशापेक्षा अडवतं ते दार. कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांतही प्रवेश फुकटच असतो. तरी जुन्या इमारतीचा जिना चढून, घंटी वाजवून, शांत पांढऱ्या खोलीत एकट्याने उभं राहायला जी हिंमत लागते ती सर्वांकडे नसते. जहांगीरमध्ये पावसाची सर चुकवायला शिरलेला कारकून, संग्रहालय पाहून झालेलं साताऱ्याचं कुटुंब, कॉलेज बुडवलेली जोडपी आणि विकत घ्यायला आलेला संग्राहक एकाच चित्रासमोरून जातात. त्यातले बहुतेक दोन मिनिटांत बाहेर पडतात, हे खरं. पण आधुनिक चित्र प्रत्यक्ष पाहिलेला मराठी मध्यमवर्गीय माणूस शोधला, तर त्याने ते बहुधा इथेच पाहिलेलं असतं.

आता भाड्याकडे वळू. व्यावसायिक मराठी नाटकवाल्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही: थिएटर नाटक निवडत नाही, तारीख देतं, आतला प्रयोग ही ज्याची त्याची जबाबदारी. जहांगीरचंही तेच. अर्ज करायचा, कामाचे नमुने दाखवायचे, समितीने हरकत घेतली नाही तर नंबर लावायचा आणि आपल्या आठवड्याची वाट पाहायची. त्या आठवड्यात भिंत चित्रकाराची. काय लावायचं, किती अंतरावर लावायचं, किंमत किती सांगायची, कुणाला उद्घाटनाला बोलवायचं, हे सगळं तोच ठरवतो. सोमवारी संध्याकाळी एका चित्रकाराचे खिळे निघतात आणि दुसऱ्याची गोणपाटात बांधलेली चित्रं आत येतात. आठवडाभर चित्रकार स्वतः हॉलमध्ये खुर्ची टाकून बसतो, 'हे काय काढलंय' असं विचारणाऱ्याला उत्तर देतो, चित्र विकलं गेलं तर कोपऱ्यात लाल टिकली लावतो. खासगी गॅलरीत चित्रकार आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो, तो इथे नाही.

मध्यस्थ नसला की काय घडू शकतं याचा दाखला अगदी सुरुवातीलाच मिळाला. 1954 साली, दालनाला जेमतेम दोन वर्षं झाली असताना, पॅरिसहून आलेल्या अकबर पदमसी यांनी इथे आपली चित्रं लावली. त्यातल्या 'लव्हर्स' या दोन चित्रांतल्या पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलीस आले, चित्रं उतरवा म्हणाले. पदमसींनी नकार दिला. अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. एखाद्या व्यापारी गॅलरीचा मालक मध्ये असता तर त्याने ती दोन चित्रं मुकाट्याने आतल्या खोलीत नेली असती, आणि त्याला दोषही देता आला नसता. त्याला दुकान चालवायचं असतं. पुढे तय्यब मेहता यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1959 साली इथेच झालं. भूपेन खख्खर यांनी 1965 साली बाजारातल्या देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून केलेली कामं मांडली ती इथेच, तेव्हा ते बडोद्यातले एक अपरिचित हिशेबनीस होते. आणि 1992 साली हुसेन यांनी एकही चित्र न लावता सगळं दालन पांढऱ्या कापडाने वेढलं, जमिनीवर वर्तमानपत्रांच्या चिंध्या पसरल्या आणि त्याला 'श्वेतांबरी' म्हटलं. लोक चिडले, हसले, पुष्कळांना ती फसवणूक वाटली. तो वाद एका बंद वर्तुळात झाला नाही, रस्त्यावरून आत आलेल्या माणसांत झाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चार मोठी नावं सांगून काय उपयोग, बाकीच्या हजारोंचं काय? बहुतेक आठवड्यांत बहुतेक हॉलमध्ये सुमार चित्रं असतात. असतातच. पण कोणत्याही काळात काढली जाणारी बहुतेक चित्रं सुमारच असतात. फरक इतकाच की अन्यत्र ती आपल्याला दिसत नाहीत. निवड करणाऱ्या गॅलरीची नजर कितीही तयार असली तरी ती आज जे चांगलं मानलं जातं तेच ओळखते. 1965 सालच्या कोणत्या जाणकाराने खख्खर यांच्या चिकटचित्रांवर पैसे लावले असते? शिवाय याच इमारतीत वरच्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांची शेमोल्ड गॅलरी 1963 पासून 2007 पर्यंत होती, तीही अगदी निवडक. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं लग्नाच्या चौकातून निघून शहरी कलादालनात लागली ती शेमोल्डमध्ये, 1970च्या दशकात. म्हणजे खाली कुणालाही तारीख आणि वर पारखून घेतलेलं काम, अशी दुमजली व्यवस्था चाळीसहून अधिक वर्षं चालली. खाली आलेला माणूस जिना चढून वर जाई. निवडीला माझा विरोध नाही; निवड हीच एकमेव वाट उरण्याला आहे. जहांगीर स्वतःही कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी मान्सून शो भरवते, तिथे निवड असतेच.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त जड वाटतो. भिंत भाड्याने मिळते म्हणजे ज्याच्याकडे भाडं आहे त्याला मिळते. त्यात फ्रेम, वाहतूक, छापील कॅटलॉग आणि मुंबईत आठवडाभर राहण्याचा खर्च मिळवला की सोलापूरच्या किंवा गडचिरोलीच्या चित्रकला शिक्षकाला हा आकडा सहज झेपत नाही. वर नंबर लागायला कित्येक वर्षं. पंचविशीत अर्ज करावा आणि तिशी उलटल्यावर, तोवर बदललेल्या शैलीतली चित्रं घेऊन यावं, असं अनेकांचं होतं. गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर बसून कोळशाने व्यक्तिचित्रं काढून देणारे कलाकार या व्यवस्थेवरची जिवंत टीका आहेत. आतली भिंत आणि बाहेरचा कठडा यांत काही फुटांचंच अंतर आहे. तेव्हा जहांगीर लोकशाहीवादी आहे असा दावा मी करणार नाही. पण रांग आणि भाडं या दोन्ही अडचणी डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा आकडा विचारता येतो, त्या कमी करता येतात. सवलतीच्या दराचे काही आठवडे मुंबईबाहेरच्यांसाठी राखणं हा विश्वस्तांच्या एका बैठकीचा विषय आहे. ओळखीपाळखीने आणि अभिरुचीच्या नावाखाली जी दारं बंद होतात, त्यांचा आकडा कुठे विचारायचा? आणि मुळात इतकी लांब रांग जहांगीरचा दोष कमी आणि महाराष्ट्राचा जास्त दाखवते. सुधीर पटवर्धनांनी 2008-09च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन राज्यातल्या शहरांतून फिरवलं, तेव्हा त्या दर्जाची मूळ चित्रं आपल्या गावात प्रथमच पाहणारे लोक त्यांना भेटले असणार. जिल्ह्याजिल्ह्यात बऱ्या उजेडाची एक-एक भिंत असती, तर सगळा महाराष्ट्र काळा घोड्याच्या एका दारात येऊन उभा राहिला नसता.

सरकारी दालन हा पर्याय सुचवला जातो. तो अगदी रस्ता ओलांडल्यावरच आहे. कावसजी जहांगीर हॉल, त्याच घराण्याच्या देणगीतून 1911 साली झालेला, 1996 पासून आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनाची मुंबई शाखा म्हणून चालतो. वर्तुळाकार जिन्याभोवती चढत जाणारी त्याची रचना सुंदर आहे आणि तिथली सिंहावलोकनी प्रदर्शनं जहांगीरला कधी जमणार नाहीत अशी असतात. पण फेब्रुवारी 2019 मध्ये तिथे प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती बरखास्त झाली, आता काय दाखवायचं ते दिल्लीहून ठरणार, याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त करताच व्यासपीठावरून त्यांना अडवण्यात आलं. बरव्यांसारख्या मितभाषी चित्रकाराच्या प्रदर्शनात हे घडावं हा योगायोग विचित्रच. मुद्दा असा, की ज्या भिंतीचं भाडं सरकार भरतं, त्या भिंतीवरचा शेवटचा शब्दही त्याचा असतो. एका आठवड्यापुरतं का होईना, स्वतः भाडं भरणाऱ्याला निदान स्वतःच्या दालनात कुणी भाषण आवरतं घ्यायला सांगत नाही.

बाजाराबद्दल थोडक्यात. गायतोंडे यांच्या एका चित्राला 2013 साली मुंबईतल्याच लिलावात 23 कोटींच्या वर किंमत आली. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' 2025 साली न्यूयॉर्कमध्ये शंभर कोटींच्या पलीकडे गेलं. 2023 साली वांद्रे-कुर्ला संकुलात अंबानींचं सांस्कृतिक केंद्र उघडलं आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कलेचा मेळा भरू लागला. हे सगळं चांगलंच आहे, चित्रकाराच्या घरात पैसा येणं वाईट कसं असेल? फक्त या जागांमध्ये कलेकडे येणारा माणूस आधीच ग्राहक किंवा पाहुणा असतो.

जहांगीरवरचा मला सर्वांत खरा वाटणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो क्वचितच घेतला जातो. ही जागा विसरते. तिच्याकडे कायम मांडलेला स्वतःचा संग्रह नाही. दर सोमवारी भिंत कोरी होते आणि काय लागलं होतं याची खूण चित्रकाराच्या कपाटात, वर्तमानपत्राच्या परीक्षणात किंवा एखाद्या जुन्या निमंत्रणपत्रिकेवर राहते. तळमजल्यावरचं सामोवार, संग्रहालयाच्या बागेकडे तोंड करून बसलेलं ते बोळासारखं लांबट उपाहारगृह, 1964 पासून या जागेच्या तोंडी स्मृतीचं भांडार होतं. चित्रकार, कवी, नाटकवाले तिथे तासन्‌तास बसत. मार्च 2015 मध्ये ते बंद झालं तेव्हा लोकांनी पराठ्यांच्या आठवणी लिहिल्या, पण गेली ती त्याहून मोठी गोष्ट होती: कोणत्या प्रदर्शनात काय झालं हे सांगणारी माणसं जिथे सापडत ते ठिकाण. मराठीत 'चिन्ह'सारख्या वार्षिकांनी पदरमोड करून चित्रकारांच्या आठवणी जपल्या, म्हणून थोडंफार तरी हाती आहे. सात दशकांत या भिंतींवर महाराष्ट्राच्या चित्रकलेचा बराचसा भाग, चांगला आणि वाईट दोन्ही, येऊन गेला. निवड न करणाऱ्या संस्थेची नोंद तर अधिकच मोलाची, कारण तिच्यात कुणाच्या आवडीची चाळण लागलेली नसते. कोणत्या दशकात किती जण निसर्गचित्रं काढत होते, स्त्रिया कधीपासून एकल प्रदर्शनं करू लागल्या, विदर्भातून किती जण आले, हे सगळं तिच्यातून वाचता येईल. त्यासाठी फार मोठा खर्च नको. प्रत्येक भाडेकरूकडून कॅटलॉगची एक प्रत, चित्रांची यादी आणि लावलेल्या भिंतींचे फोटो घ्यायचे, एवढी अट अर्जात घातली तरी पुढच्या आठवड्यापासून काम सुरू होईल.